पांढरा पडलेला व्हॉल्व्ह

गरम काचेला पाणी लागलं की एक बारीक आवाज होतो. टिक्. चहाचा ग्लास विसळताना तो अजून कधी कधी येतो, आणि मी हातातलं काम थांबवून मागे वळून बघतो. मागे कोणी नसतं. तरी वाटतं, माझा मित्र भिंतीकडे तोंड करून, कानांवर हेडफोन लावून बसलाय आणि विचारतोय, "बदललास का रे?"

आम्ही दोघं मानपाड्याच्या एका कारखान्यात नोकरीला होतो. निवृत्तीनंतर दर रविवारी सकाळी मी डोंबिवलीहून कोपरीला त्याच्या घरी जायचो. हेडफोनसाठी त्याने एक छोटा अ‍ॅम्प्लिफायर जुळवला होता. त्यावर एकच व्हॉल्व्ह, अंगठ्याएवढी काचेची नळी. आवाज तिच्यातून जातो आणि तिचा थोडा रंग घेऊन बाहेर येतो. बंद पडलेल्या यंत्रांतून आम्ही असे जुने व्हॉल्व्ह जमवायचो आणि एकामागून एक लावून बघायचो. रीत ठरलेली. एकाने भिंतीकडे तोंड करून ऐकायचं, दुसऱ्याने बदलायचं. ऐकणाऱ्याने ओळखून सांगेपर्यंत बदलणाऱ्याने तोंड उघडायचं नाही, आणि मग खरं काय ते सांगायचं. माझं चुकलं की तो म्हणायचा, "तुझे कानपण रिटायर झाले रे."

त्याच्याकडे एक व्हॉल्व्ह कापसात गुंडाळून ठेवलेला असे. त्याच्या थोरल्या भावाचा लाउडस्पीकर भाड्याने द्यायचा धंदा होता. जयंतीला चाळीसमोर मांडव पडला की मित्राची बायको त्याच स्पीकरवरून भीमगीतं म्हणायची. पुढे ती गेली, धंदाही बसला, मोठा अ‍ॅम्प्लिफायर भंगारात निघाला. त्यातला हा व्हॉल्व्ह त्याने तेवढा काढून घेतला. एका जयंतीची कॅसेट उरली होती, ती मुलीने त्याच्या फोनमध्ये भरून दिली होती. त्यात गाण्याआधी त्याची बायको श्वास घेते आणि तिच्या बांगड्या माइकला लागतात.

"बाकीच्यांत नुसतं गाणं येतं रे," तो म्हणायचा. "ह्याच्यात ती येते. तिचा आवाज ह्याच्यातनं गेलेला आहे."

मला तो फरक कधीच कळला नाही. तसं त्याला बोललोही नाही.

त्या रविवारी मला लवकर निघायचं होतं. तो पाठमोरा बसला होता. त्याचा कापसातला व्हॉल्व्ह लावलेला होता, तो काढून मला दुसरा लावायचा होता. बटण बंद केल्यावर काच गार होऊ द्यायची असते. मी थांबलो नाही. हाताला चटका नको म्हणून टेबलावरचा नॅपकिन घेतला आणि व्हॉल्व्ह तिरका करून ओढला. त्याच नॅपकिनला आम्ही मघाशी भजी खाऊन धुतलेले हात पुसले होते.

टिक्.

बुडाशी केसासारखी रेघ उठली. व्हॉल्व्हच्या टोकाला आतून आरशासारखी चकाकी असते. हवा शिरली की ती मरते. माझ्या हातात ती दुधासारखी पांढरी होत गेली.

कानांवर हेडफोन असल्याने त्याला काही ऐकू आलं नव्हतं. मी दुसरा लावला, तापू दिला, गाणं सुरू केलं.

"हा!" तो एकदम म्हणाला. "हाच तो. आली बघ." भिंतीकडे तोंड करूनच त्याने डोळे पुसले.

खरं सांगायची पाळी माझी होती. "ओळखलंस," मी म्हणालो.

"बास झालं मग. आता हा काढायचा नाही."

छपाई पुसलेले जुने व्हॉल्व्ह एकसारखेच दिसतात. पांढरा पडलेला मी शर्टाच्या खिशातून घरी आणला. पुढच्या रविवारी सांगू, असं ठरवलं होतं. पुढच्या रविवारी तो म्हणाला, हल्ली ती आणखी जवळून ऐकू येते. मग मला ते जमलंच नाही. तो अंथरुणाला खिळला तेव्हाही ते यंत्र उशाशी होतं. शेवटच्या भेटीत त्याने हेडफोन काढून माझ्या कानाला लावला. "ऐक ना." मी मान डोलावली.

त्याच्या पहिल्या स्मृतिदिनाआधी मुलीचा फोन आला. "काका, आईबाबांच्या फोटोपुढे तो व्हॉल्व्ह ठेवायचाय. तुम्हीच काढून द्या हां. माझ्या हातून फुटायचा."

मी गेलो. यंत्राला हात लावण्याआधी खिशातला पांढरा व्हॉल्व्ह टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. तिने उभ्यानेच ऐकलं.

"मग इतके दिवस बाबा काय ऐकत होते?"

"माहीत नाही गं."

तिने हेडफोन लावला आणि बापासारखीच भिंतीकडे तोंड करून बसली. गाणं संपल्यावर म्हणाली, "बांगड्या वाजतात की ह्याच्यातपण."

"वाजतात."

"म्हणजे बाबा खोटं नव्हते बोलत." ती माझ्याकडे वळली. "तुम्ही बोललात, काका."

तिने पांढरा व्हॉल्व्ह उचलला, कापसावर ठेवला आणि कापूस फोटोपुढे. मी यंत्रातला काढायला हात पुढे केला.

"राहू दे तो तिथेच. बाबांनी सांगितलेलं ना, काढायचा नाही म्हणून."

निघताना दारातून सवयीने मागे वळून पाहिलं. ती पुन्हा भिंतीकडे तोंड करून, कानांवर हेडफोन लावून बसली होती. काहीतरी म्हणावंसं वाटलं. पण ऐकणाऱ्याने सांगेपर्यंत बोलायचं नसतं. मी हळूच दार ओढून घेतलं.