टोपणाआडची देवयानी

आधीच सांगते — भूतबीत मी मानत नाही, आजही नाही. आमच्या घरात बाबांनी अंगारे-धुपारे कधी शिरूच दिले नाहीत. तेव्हा कमेंटमध्ये मला मांत्रिकाचा पत्ता देऊ नका.

आम्ही दहिसरला राहतो, नदीच्या बाजूला. नोव्हेंबरात अंधार पडला की मी आणि बाबा सोसायटीच्या गच्चीवर दुर्बीण लावतो. समोर टॉवरचं काम चालू आहे, त्यांच्या हॅलोजनमुळे आकाश कायम नारिंगी. त्यातून देवयानी, म्हणजे आपल्या शेजारची सर्पिल दीर्घिका, फोटोत पकडायची... फिकट डाग मिळाला तरी आमची पार्टी.

काचबिंदूमुळे बाबांची नजर जवळजवळ गेली आहे. गच्चीवर त्यांचं एकच काम उरलंय, आणि तेवढ्यासाठी ते वर येतात. कॅमेरा फोटोत स्वतःचेच ठिपके पाडतो. ते नंतर वजा करता यावेत म्हणून शेवटी दुर्बिणीला टोपण लावून काही फोटो काढायचे असतात. ते टोपण बाबा लावतात, चाचपून. हे फोटो काळेच यायला हवेत.

पण एका संध्याकाळी ते काळे आले नाहीत. लॅपटॉपवर देवयानी होती... वळणदार भुजा, मधल्या धुळीच्या रेषा, मागे काळंभोर आकाश. टोपण नसतानाच्या फोटोंत मात्र नेहमीचा नारिंगी चिखल.

आमच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपवर टाकलं, तर निकाल लगेच लागला — काका टोपण लावायला विसरले, आता त्यांना सामानाला हात लावू देऊ नकोस. माझं डोकंच फिरलं. अरे, टोपण नव्हतं तर हॅलोजन कुठे गेला? यावर हसणारे इमोजी तेवढे आले. मी ग्रुप सोडला.

पण बाबांच्या कानावर गेलंच. दुसऱ्या दिवशी गच्चीवर त्यांनी टोपण माझ्याकडे दिलं.

"तूच लाव गं. माझा भरवसा नाही."

बाबांचा इतका खचलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. रडू आलं, रागही आला. मी टोपण परत त्यांच्या हातात कोंबलं. त्यांनी कडा चाचपल्या, दाबलं.

"लागलं का बघ."

"नाही बघणार," मी म्हटलं आणि फोटो सुरू केले.

ते काळे आले. त्यानंतरचेही सगळे काळेच. त्या एका संध्याकाळी काय झालं, मला अजून कळलेलं नाही. तुम्हाला कळलं तर जरूर सांगा... पण बाबा विसरले असं म्हणायचं असेल, तर टाइप करायचे कष्ट घेऊ नका. टोपण आजही तेच लावतात, आणि मी बघत नाही.