चाचांची मेल

बारामतीच्या एका द्राक्ष निर्यात कंपनीत मी सर्व्हर सांभाळते. निरवांगीहून रोज ये-जा करते. आमच्याकडं डिस्पॅचला सांगवीचे एक चाचा होते, निवृत्तीला आलेले. कंटेनर सुटला की हॉलंडच्या खरेदीदार कंपनीतल्या माणसाला तेच मेल लिहीत. आधी मालाचं, मग खाली दोन ओळी घरच्या. तोही तसंच लिहायचा. गुडघ्याचं ऑपरेशन झालं, कोंबड्या खुडूक बसल्यात. दोघं कधी भेटले नव्हते. इंग्रजी अडलं की चाचा माझ्या टेबलापाशी येत, म्हणून मला हे ठाऊक.

मग साहेबांनी सांगितलं, बाहेर जाणाऱ्या मेलवर ज्याच्या त्याच्या नावाचा नको, कंपनीचा एकच पत्ता दिसला पाहिजे. मी सर्व्हरवर नियम लिहिला. मेल कुणीही पाठवो, बाहेर पडताना त्याचा पत्ता पुसून 'निर्यात विभाग' लागायचा. उत्तरंही तिथंच यायची. जुन्या पत्त्यांवर येणारी मेलही मी तिकडंच वळवली.

दोन दिवसांनी चाचा आले. "ताई, माझ्या मेलला माझा पत्ता राहू द्या की. त्याचं उत्तर मला यायला पायजे."

"एकाला सूट दिली की सगळे मागतील, चाचा."

"बरं," म्हणून ते गेले. खरं तर एका ओळीचं काम होतं. साहेबांना विचारायचा मी कंटाळा केला.

त्या हंगामात चाचांना एकही उत्तर आलं नाही. एकदा चहा पिताना म्हणाले, "कंटाळला आसंल तो. आपुन काय, माल पाठवनारी मानसं." मी चहा संपवून टेबलाशी गेले. विभागाची मेलपेटी उघडून बघावी, एवढंही मला सुचलं नाही.

पुढं सर्व्हरची जागा भरत आली म्हणून ती पेटी आवरायला घेतली. विषयात ऑर्डर नंबर नसलेल्या मेल ती पेटी बघणाऱ्या विक्री विभागातल्या मुलींनी न उघडताच 'इतर'मध्ये ढकलल्या होत्या. त्यात हॉलंडहून चाचांच्या नावानं आलेल्या सात होत्या, एकही न उघडलेली. शेवटच्या मेलमध्ये त्यानं लिहिलं होतं, मी नोकरी सोडतोय, महिनाअखेर हा पत्ता बंद होईल, तुमचा घरचा पत्ता कळवा. त्याला तीन महिने उलटले होते.

चाचांना शेजारी बसवून सातही मेल मराठीत सांगितल्या. तिथंच त्यांनी उत्तर लिहिलं. क्षणात परत आलं, असा पत्ता नाही म्हणून. त्याच्या कंपनीला मी विचारलं, तर सोडून गेलेल्या माणसाची माहिती देता येत नाही, असं कळवलं.

"त्याला वाटलं आसंल, मीच जवाब दिला न्हाय," चाचा म्हणाले.

"चूक माझी आहे, चाचा."

"व्हय," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. उठून कामाला गेले.

दुसऱ्या दिवशी मी साहेबांना विचारलं, चाचांचा पत्ता नियमातून वगळू का? मोबाइलमधून वर न बघता ते म्हणाले, "वगळा की. त्यात विचारायचं काय?"