मालकाच्या सहीखालची रेघ

कॅमिओ म्हटलं की लोकांना सिनेमातली दोन मिनिटांची भूमिका आठवते. माझ्या मामाचा कॅमिओ वेगळा होता: शंखाच्या जाड कवचात उठावाने कोरलेला, अंगठ्याएवढा चेहरा. खालचा थर तपकिरी, वरचा पांढरा. पांढऱ्यात चेहरा कोरायचा आणि भोवतालचं सगळं तपकिरीपर्यंत काढून टाकायचं. जुन्या वस्तूंच्या एका दुकानामागच्या खोलीत बसून मामा अशा चेहऱ्यांच्या पाठीवरच्या सह्या बघायचा आणि काम कोणाचं ते सांगायचा. चव्वेचाळीस वर्षं त्याने हेच केलं. आम्ही मुलं त्याला भिंगमामा म्हणायचो.

सही ओळखणं आणि नाव वाचणं यांत किती फरक आहे, हे मला सातवीत कळलं. गणितात जेमतेम काठावर पास झाले होते, आणि प्रगतिपुस्तकावर बाबांची सही मीच ठोकून दिली होती. मामाने चहा पिता पिता ते सहज उचललं. भिंगसुद्धा काढलं नाही. मला गॅलरीत बोलावून म्हणाला, "तुझे बाबा शेवटचं अक्षर घाईत सोडून देतात. तू ते घाबरत घाबरत पूर्ण केलंयस." मग आवाज खाली आणून, "या खेपेला सांगत नाही कोणाला. पुन्हा केलंस तर कान उपटीन."

मामा या धंद्यात शिरला तो त्याच्या आईमुळे. माझी आजी कॅमिओच्या एका कारखान्यात कोरीवकाम करायची. ती गेली तेव्हा मामा नऊ वर्षांचा होता, माझी आई चार. फोटो एकही नाही. मामाला आजीचा आवाज, चालणं, बोटांवरचे कोरणीचे वळ आठवायचे. आईला काहीच आठवायचं नाही. माझी लेक चार वर्षांची झाली ते सबंध वर्ष मी धास्तीत काढलं. रस्ता ओलांडतानाही वाटायचं, आज मला काही झालं तर हिच्याजवळ माझं काय उरेल?

आईजवळ उरला होता शंखाचा एक फुटका तुकडा. कारखान्यात नवीन आलेल्या बाईला सगळ्यात आधी मालकाची सही कोरायला शिकवत, कारण चेहरा कोणीही कोरला तरी पाठीवर सही मालकाचीच असे. त्या तुकड्यावर आजीने मालकाची सही एकोणचाळीस वेळा गिरवली होती. आई म्हणायची, "आईचं म्हणून घरात आहे काय, तर परक्या माणसाचं नाव."

पण मामाला त्या तुकड्यात आजी दिसायची. मालकाच्या सहीखाली एक रेघ होती. बाकीच्या बायका ती डावीकडून उजवीकडे ओढत. रेघ सुरुवातीला खोल आणि शेवटी केसासारखी बारीक. आजी डावखुरी. तिची रेघ उलटी जायची, आणि मधोमध एक बारीकशी उडी असायची. हात तिथे क्षणभर उचलला जायचा. त्या कारखान्याचे शेकड्यांनी चेहरे मामाच्या टेबलावरून गेले. प्रत्येक उलटा करून तो आधी ती रेघ बघायचा.

सहा वर्षांपूर्वी ती रेघ आली. एक निवृत्त शिक्षिका सासूबाईंचा ब्रोच घेऊन आल्या होत्या. बाईचा चेहरा, केसांत द्राक्षांचा वेल. त्यांना तो विकायचा होता, आणि मालकाने स्वतः कोरल्याचा दाखला हवा होता. मामाने तपासायला तीन दिवस मागून घेतले. फुटका तुकडा त्याने कधीच आईकडून मागून नेला होता. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले. उलटी रेघ, मधोमध उडी.

त्या दुकानाचा एक कडक नियम होता: ज्याने ओळख लिहिली त्याने ती वस्तू घ्यायची नाही, त्याने नाही आणि त्याच्या घरच्यांनीही नाही. नाहीतर उद्या कोणीही भारी वस्तू हलकी म्हणून लिहील आणि स्वतःच घेऊन जाईल. मामाने "मला ओळखता येत नाही" असं सांगितलं असतं तर तो ब्रोच विकत घ्यायला मोकळा होता. दुकानाचे शेठ त्याला तसं म्हणालेही. "मास्तर, एवढ्या वर्षांत एकदा म्हणा की नाही ओळखलं. कोण येतंय विचारायला?"

मामा म्हणाला, "तिला कोणीच नाही ओळखलं हो. आता मीही नाही म्हणू?"

त्याने नोंदवहीत लिहिलं. दाखलाही तसाच दिला. शिक्षिका वाचून चपापल्या.

"म्हणजे हे कुठल्या साध्या कामगार बाईचं?"

"साध्या नाही," मामा म्हणाला. "बाईचं."

"माझ्या काही उपयोगाचं नाही ते!" असं म्हणून त्यांनी ब्रोच पर्समध्ये टाकला आणि दाखला टेबलावरच ठेवून त्या गेल्या.

रविवारी मामा नेहमीसारखा आईकडे आला. मी माहेरीच होते. त्याने सगळं सांगितलं, अगदी आनंदात. वेलीचं एकेक पान कसं सुटं कोरलंय, कानाची पाळी उजेडात कशी गुलाबी दिसते. आई शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले.

"तीन दिवस तुझ्याजवळ होतं?"

"हो."

"आणि मला बोलावलं नाहीस, दादा?"

मामा गडबडला. "चिमे, अगं, तू एकदा हातात घेतलं असतंस ना, तर परत दे म्हणवलं नसतं मला, आणि मग लिहिताही आलं नसतं."

"मग नसतं लिहिलंस."

आईने शेंगांचं ताट उचललं आणि ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मामाने शिक्षिकांना फोन केला. फक्त एकदा बघू द्या, माझी बहीण आहे, म्हणून गयावया केली. ब्रोच दुसऱ्या दुकानात गेला होता. तिथे मालकाच्या नावाचा दाखला लगेच मिळाला आणि पाठोपाठ गिऱ्हाईकही. ते कोण, हे त्या दुकानाने सांगितलं नाही. मामा चार महिने तिथे खेपा घालत राहिला. शेवटी त्यांनी त्याला दारातूनच परत पाठवायला सुरुवात केली.

तो रविवारी येत राहिला. आई चहा द्यायची, त्याच्या गुडघ्यांची चौकशी करायची, डबाही भरून द्यायची. ब्रोचचं नाव दोघांनीही काढलं नाही. मामा मागच्या वर्षी गेला, तोपर्यंत नाही.

त्याचं सामान आणायला मी दुकानात गेले तेव्हा शेठनी नोंदवही उघडून दाखवली. मामाचं अक्षर बारीक, सरळ. "सही मालकाची. काम आणि हात," आणि पुढे आजीचं संपूर्ण नाव. इतकं अख्खं नाव मी पहिल्यांदाच वाचत होते. पानाचा फोटो काढून घेतला.

तो माझ्या मोबाइलमध्ये आहे. मी फोटो काढल्याचं आईला माहीत आहे. तिने अजून मागितलेला नाही, आणि आपणहून दाखवायला मी धजत नाही.