आठव्या खणातली हिरा

मी जन्मभर कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात काम केलं. जे मोजता येत नाही ते मी मानत नाही. असले गूढ, अतर्क्य अनुभव वाचताना आजवर हसतच आलोय... पण आता सत्तरी उलटली आहे आणि एक गोष्ट खरी-खरी सांगून टाकायची आहे.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. डोंबिवलीत फडके रोडच्या मागे आमचं दोन खोल्यांचं घर. जोडधंदा म्हणून टायपिंगसाठी मी कॉम्प्युटर घेतला होता. दुकानदाराने एका फ्लॉपीवर घोड्यांच्या शर्यतीचा गेम दिला. शिंगरं विकत घ्यायची, घोडा-घोडीची जोडी लावायची, पुढची पिढी शर्यतीत उतरवायची. तबेल्यात खण आठच. नववा घोडा हवा असेल तर एक विकावा लागे.

माझा सहकारी वसंत, ठाण्याजवळच्या बाळकुमचा कोळी, दर रविवारी खेळायला यायचा.

"परांजप्या, ह्यांना चारा कोण घालतो रे?" पहिल्या दिवशी त्याने विचारलं होतं.

एका घोडीला त्याने बायकोचं नाव दिलं — हिरा. "तिला सांगू नकोस हां. घोडीला नाव दिलं म्हटलं तर कोयता घेऊन मागे लागेल!" मग गंभीर होऊन म्हणाला, "आमच्याकडे बायकोचे नावाची होरी इकाची नाय. ही पण नाय इकाची." होरी म्हणजे त्यांची होडी.

पुढे हिराबाई आजारी पडल्या. ठाण्यात हॉस्पिटलमध्ये ठेवलं. वसंत रविवारी येईनासा झाला. घोडी म्हातारी झाली होती — ना पळत होती, ना शिंगरू देत होती. आणि लिलावात एक काळा घोडा आला... मोठा कप जिंकू शकेल असा. एका गुरुवारी मी घोडी विकली आणि आठव्या खणात काळा घोडा बांधला. तेव्हा घरात मी एकटाच होतो. कुणाला बोललोही नाही.

शनिवारी दुपारी हिराबाईंना भेटायला गेलो. वसंत औषधं आणायला खाली गेला होता. त्या डोळे मिटून पडल्या होत्या. मी स्टुलावर बसलो, तशा म्हणाल्या, "भाऊ, मना इकली तुमी."

मला वाटलं, तापात बरळतायत.

"माजे जाग्यावर काला घोरा बांधलाय... परत आना मना."

त्या बाईंनी कॉम्प्युटर कधी पाहिला नव्हता. एवढ्यात वसंत आला. मला जिन्यापर्यंत सोडायला आला तेव्हा, काहीतरी बोलायचं म्हणून, त्याने विचारलं, "आपली घोडी बरी आहे ना रे?"

"बरी आहे," मी म्हणालो.

माझ्याकडे विक्रीच्या आधीची कॉपी दुसऱ्या फ्लॉपीवर होती. ती चढवली की घोडी परत आली असती — मिनिटभराचं काम. पण काळा घोडा गेला असता, आणि कपची शर्यत दोनच फेऱ्यांवर आली होती. मी स्वतःला म्हटलं, एवढी शर्यत होऊ दे, मग आणू... बाईंचं बरळणं ते.

रविवारी सकाळी खेळायला बसलो. अकराच्या सुमाराला काळा घोडा जिंकला. मग मी जुनी फ्लॉपी घातली. आठव्या खणात हिराचं नाव उमटलं, आणि दारात शेजारच्या काकू आल्या. फोन त्यांच्याकडेच होता.

"ठाण्याहून फोन आलाय. तुमच्या मित्राची बायको गेली हो... आत्ताच, थोड्या वेळापूर्वी."

घोडी परत आणली असती तर त्या वाचल्या असत्या असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी आशा सोडलीच होती. पण त्यांनी मागितलं होतं, आणि मी थांबवून ठेवलं. वसंतला मी इतकंच सांगितलं की फ्लॉपी खराब झाली, गेम गेला. त्याने ते खरं मानलं.

गेल्या महिन्यात बाळकुमला गेलो. त्याच्या जुन्या घराच्या जागी आता टॉवर आहे. तिथल्या त्याच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये बसून त्याला सगळं सांगितलं. त्याने एवढंच विचारलं,

"ती शर्यत... जिंकलास?"

"जिंकलो."

तो उठला, दाराशी गेला आणि दार उघडून उभा राहिला.

हिराबाईंना कसं कळलं, त्या कधी त्याच्याशीही काही बोलल्या होत्या का, हे मला त्याला विचारायचं होतं. ते राहूनच गेलं.