आत्याची सात मिनिटं

माझी आत्या रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर बसते. समोरचा नाव सांगतो, ती मान वर न करता लिहिते. तीस वर्षांत तिने लिहिलेलं एकही नाव कुणाला खोडावं लागलं नाही. चेहरे मात्र तिच्या लक्षात राहत नाहीत. मुलीच्या लग्नात तिने खुद्द विहिणीलाच "वय काय?" विचारलं होतं, असं बाबा शपथेवर सांगतात.

मान वर न करता लिहायच्या याच गुणापायी डोंगरातल्या पक्षीगणनेच्या गटाने तिला उचललं. वसंतातला एक अख्खा दिवस हा गट उजाडल्यापासून चढत जातो आणि दिसेल तो पक्षी मोजतो. निवृत्त गणिताचे मास्तर आणि दातांचे डॉक्टर दुर्बिणीतून बघून सांगतात, आत्या वहीत उतरवते. डबे आणि पाणी माझ्याकडे. लिहिणाऱ्याने वर बघायचं नाही, हा मास्तरांचा नियम. एक थवा निसटला की वर्षाचा आकडा गेला.

आत्याने अकरा वर्षं तो पाळला. यंदा हाडांच्या डॉक्टरांनी गुडघा दाबून सांगितलं, हा चढ शेवटचा. आदल्या संध्याकाळी बुटांत नाड्या ओवताना ती म्हणाली, "तो कडेचढ्या पक्षी एकदा बघायला मिळाला असता गं. दर वर्षी लिहिते मेल्याला." आणि लगेच, "मास्तरांपुढे बोललीस तर बघ."

अकरा चाळीसला आम्ही ओढ्यापलीकडच्या कड्यासमोर होतो.

"कडेचढ्या, एक," मास्तर म्हणाले.

आत्याने लिहिलं. वहीवर तिची मान जरा जास्तच वाकली होती. मला राहवलं नाही.

"मास्तर, आत्याने हा पक्षी कधी पाहिलेलाच नाही. आणि पुढच्या वर्षी तिला चढता येणार नाही."

"गप गं भवाने!"

मास्तरांनी दुर्बीण खाली केली. "अकरा वर्षांत एकदाही नाही? आम्हाला विचारायचंही सुचलं नाही हो, ताई." त्यांनी आपली दुर्बीण तिच्या गळ्यात अडकवली.

"कुठंय? मला नुसता कडा दिसतोय."

"तो वरचा किडका सुळा दिसतो का?" डॉक्टर म्हणाले. "त्याच्या डावीकडच्या दोन दाढा सोडा. पुढची फट."

"अहो डॉक्टर, दगड आहे तो!"

"फट बघा, ताई, फट."

डोक्यावरून पाकोळ्यांचा मोठा थवा चिरचिरत गेला. कुणीच मोजला नाही. मास्तरांनी एकदा वर पाहिलं आणि ओठ मिटून घेतले.

तेवढ्यात फटीतला करडा दगड हलला आणि त्याने पंख उघडले.

"अगंबाई," आत्या म्हणाली. "एवढा लाल?"

पंखांची उघडझाप करत तो कडा चढत गेला. आत्या दुर्बीण त्याच्यामागे सरकवत राहिली. तिचं तोंड लहान मुलीसारखं उघडं होतं. तो कड्याच्या माथ्यामागे गेल्यावरही तिने बराच वेळ दुर्बीण काढली नाही.

"फार उपकार झाले तुमचे," ती शेवटी म्हणाली.

"उपकार कसले? उशीरच झाला आम्हाला."

"पाकोळ्या दोनशे टाकूया, अंदाजे," डॉक्टरांनी सुचवलं.

"अंदाजे?" आत्याने डोळे पुसले आणि वही ओढली. मी तिच्या खांद्यावरून वाचलं: ११.४० ते ११.४७, मोजणी झाली नाही. कारण: चौघंही बघत होतो.

मास्तरांनी ती ओळ दोनदा वाचली आणि खाली सही केली.