नानांच्या नावावरची चूक

अशिलाचा अंगठा घेण्यापूर्वी नाना त्याची परीक्षा घेत. लिहिलेला दावा आधी स्वतः मोठ्याने वाचून दाखवत, मग चष्मा कपाळावर चढवून म्हणत, "हां, आता तू सांग मला, मी काय लिहिलंय ते." अशील गडबडला की नाना पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करत, कागदाची भाषा सोडून त्याच्या भाषेत समजावत. त्याने आपल्या शब्दांत सगळं नीट परत सांगितलं की मगच शाईची गादी पुढे सरकायची. एकेका अंगठ्याला अर्धा दिवस जायचा. "अक्षर आपलं असतं रे, पण अंगठा त्याचा असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं.

नाना म्हणजे माझे वडील. कर्जतला बाजाराच्या तोंडाशी आमचं घर आणि ओटीवरच कचेरी. त्यांच्याकडे पदवी नव्हती, जुनी जिल्हा वकिलीची सनद होती. मी मुंबईहून एलएल.बी. होऊन आलो आणि मिठाच्या सत्याग्रहाच्या दोन-तीन वर्षं आधी आम्हा बापलेकांची एकत्र वकिली सुरू झाली. पाटीवर माझं नाव पदवीसकट आणि नानांचं नुसतंच, तेही त्यांनीच तसं रंगवून घेतलेलं. कुणी आलं की म्हणत, "कायद्याचं काही असेल तर आत साहेबांना विचारा. माझ्याकडे नुसत्या गप्पा." मला ही थट्टा आवडायची, कारण मनातून मला ते खरंच वाटत होतं.

त्यांची ती अंगठ्याची परीक्षा मात्र मला लाजिरवाणी वाटे. एकदा मी म्हणालो, "नाना, मुंबईत असं कुणी करत नाही."

"मुंबईत सगळ्यांना वाचता येत असेल," नाना म्हणाले आणि पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचू लागले.

डोंगरातल्या वाड्यांवर त्यांचा शब्द चाले. वाटेचा तंटा असो की बांधाचा, ते स्वतः चालत जाऊन जागा बघत, तिथेच कुणाच्या तरी अंगणात नाचणीची भाकरी खात. घरी आले की आई दारातच अंगावर पाणी घ्यायला लावी. ते मुकाट्याने घेत आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जात.

एके दिवशी पळसदरीच्या वरच्या ठाकरवाडीतला कमळू आला. वाडीचं पिण्याचं पाणी खालच्या जमीनदाराच्या रानातल्या झऱ्यावर होतं. थोरले मालक होते तोवर सगळं ठीक चाललं. ते गेले आणि त्यांच्या मुलाने वाटेवर काट्यांचं कुंपण घातलं. बायकांना हंडे घेऊन पार खालच्या नदीपर्यंत उतरावं लागत होतं.

"नाना नाय?" कमळूने दारातूनच विचारलं. नाना खालापूरला महालकऱ्यांच्या कचेरीत तारखेला गेले होते.

"मी आहे ना," मी म्हणालो.

कमळूने सगळी हकीकत सांगितली. बोलता बोलता म्हणाला, "थोरलं मालक लय चांगलं. त्यांनी आमाला कदी अडीवलं नाय." ते वाक्य मी उचललं. न्यायाधीशांचं मन द्रवेल अशा झोकदार मराठीत मी लिहिलं, की थोरल्या मालकांच्या कृपेने व परवानगीने वाडीचे लोक आजवर पाणी नेत आले. मला दुपारच्या गाडीने मुंबईला मित्राच्या लग्नाला जायचं होतं. मी कागद पुढे केला, कमळूने अंगठा उठवला. परत आल्यावर नानांनी एवढंच विचारलं, "वाचून दाखवलास ना त्याला?"

"हो," मी म्हणालो. त्या एका शब्दावर विसंबून त्यांनी कागद न वाचता माझ्या सहीखाली आपली सही केली.

पाणी हक्काने इतकी वर्षं नेलं असेल तर ते वाडीचं. परवानगीने नेलं असेल तर ती देणाऱ्याची मर्जी, आणि मर्जी काय, कधीही फिरते. हे मी परीक्षेत लिहून शाबासकी मिळवली होती. स्वतःच्या हाताने लिहिताना मला ते आठवलं नाही.

कोर्टात समोरच्या वकिलाने बरोबर तेवढीच ओळ वाचली. पिंजऱ्यात उभा असलेला कमळू चक्रावला. "परवानगी? ती कंदी मागितली आमी? पानी आज्या-पणज्यापासून आमचंच हाय!" न्यायाधीशांनी त्याला कागदावरचा त्याचाच अंगठा दाखवला. कमळू त्या अंगठ्याकडे बघतच राहिला.

नाना उठले. "साहेब, अशील खरं बोलतोय. लिहिण्यात माझी चूक झाली. दुरुस्तीची परवानगी मिळावी." मी त्यांच्या शेजारी बसलो होतो. उठायला हवं होतं. मी पुस्तकाची पानं उलटत राहिलो. आता फार उशीर झाला, असं म्हणून दुरुस्ती नाकारली गेली आणि पुढे दावाही गेला.

निकालानंतर कमळू ओटीवर आला. बसला नाही. "नाना, तुमी असं का केलं?"

"चुकलं रे, कमळू," नाना म्हणाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. पाहिलं असतं तर कदाचित मी बोललो असतो, अशी मी अजूनही स्वतःची समजूत घालतो. ती खोटी आहे.

तो गेल्यावर मी पुटपुटलो, "मी सांगतो त्याला."

"राहू दे. तुझी अजून सगळी वकिली व्हायची आहे. माझी झाली." हे ऐकून मला हायसं वाटलं. इतक्या वर्षांनंतरही मला सगळ्यात जास्त टोचतं ते हेच.

लवकरच बाजारात बोलणं सुरू झालं, की म्हातारा वकील फुटला, मालकाने त्याला आतून गाठलं. माझ्यासमोरही लोक बोलले. मी विषय बदलला. वाड्यांवरून येणारे अशील थांबले. नाना ओटीवर बसून रस्त्याकडे बघत आणि कुणी डोंगरातलं माणूस दिसलं की आपणहून हाक मारत, "काय रं, बरं हाय ना?" माणूस मान खाली घालून पुढे जाई. आमची पाटी चालली. माझं नाव झालं. पुढे दोन वर्षांनी नाना गेले. त्यांना पोचवायला सगळं कर्जत लोटलं होतं. डोंगरातलं कुणी आलं नाही.

महिन्याभराने मी वाडीवर गेलो. आयुष्यात पहिल्यांदाच ती चढण चढत होतो. वाटेत बायका डोक्यावर भरलेले हंडे घेऊन नदीकडून वर येत होत्या. मी बाजूला झालो. कमळू अंगणात टोपली विणत होता. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं: ती ओळ माझी, वाचून दाखवलं नाही ते मी, नानांशी खोटं बोललो तोही मीच.

कमळूचे हात थांबले. मी शिव्यांची वाट बघत होतो, खरं तर त्या हव्याच होत्या.

"पान्याचं जाऊ दे," तो शेवटी म्हणाला. "म्हातारा गेला त्या दिशी सांगितलं असतंस रं. आमी समदी वाडी खाली आलो असतो."