प्रेमराजचं पांढरं किचन

माझा भाऊ प्रेमराज मूर्ख आहे. हे मी बहीण म्हणून म्हणत नाही, मास्तरीण म्हणून म्हणते. माझी सगळी नोकरी अमळनेर तालुक्यात मुलं शिकवण्यात गेली. न येणारी मुलं पुष्कळ पाहिली, त्यांचा कधी राग आला नाही. राग येतो तो येत नसताना येतंय असं दाखवणाऱ्यांचा, आणि प्रेमराज लहानपणापासून त्यातला. शाळेत जाताना खिशाला दोन पेनं लावायचा, दोन्हींत शाई नसायची. दहावीला गणितात आपटला तेव्हा गावभर सांगत फिरला की पेपर दुसऱ्याचाच तपासला गेला.

पुढे त्याने जळगावात खताबियाण्याचं दुकान टाकलं आणि ते चाललं. कशामुळे चाललं, तर त्याच्या बायकोमुळे. हेमांगी चाळीसगावची. सुरुवातीला दुकानामागच्या खोलीतच त्यांचा संसार होता. उन्हातून शेतकरी आला की ती आतून आधी पाणी पाठवायची, मग चहा, आणि वेळ जेवणाची असली तर भाकरीभाजी. ज्या दुकानात माणूस जेवला ते दुकान तो सोडत नाही. प्रेमराजला हे आजही कळलेलं नाही. त्याला वाटतं, दुकान बोर्डामुळे चाललं. बोर्ड मात्र मोठा आहे.

पैसा आला तसा त्याने बंगला बांधायला काढला. मधे तो सुरतला साडूकडे जाऊन आला, तिथे त्याने कुणाचं तरी किचन पाहिलं आणि तेव्हापासून तो माणसात राहिला नाही. नाशिकहून डिझायनर आणला. त्या पोराने कधी हातात झारा धरला असेल असं मला वाटत नाही.

घर झालं. हॉलमध्ये छताखाली आणखी एक छत आहे. त्यात निळे, गुलाबी, जांभळे दिवे. निळ्या उजेडात माणूस आजारी दिसतो आणि गुलाबीत प्यालेला. टीव्हीमागच्या भिंतीवर दगडासारखा दिसणारा कागद चिकटवलाय. दगडच हवा होता तर सातपुड्यात काय कमी पडला होता? जेवणाच्या टेबलावर काचेच्या भांड्यात प्लास्टिकची केळी. रावेरकडून केळीचे ट्रक भरभरून दिल्लीकडे जातात, आणि त्याच जिल्ह्यात हा माणूस प्लास्टिकची केळी विकत आणतो. मी पहिल्यांदा गेले तेव्हा त्यातलं एक उचलून चार पाहुण्यांसमोर सोलायला लागले. मुद्दामच.

पण त्याचा खरा जीव किचनमध्ये. किचन पांढरं, दवाखान्यासारखं. कपाटांची दारं इतकी चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसतं. पोळ्या लाटताना घामाघूम झालेल्या बाईला आपलं तोंड बघायची हौस नसते, हे कुणी त्या डिझायनरला सांगितलं नसावं. ओट्याचा दगडही पांढरा. आमच्याकडे भाजी म्हणजे काळा मसाला आणि वर बोटभर तवंग. काळ्या कडप्प्यावर जन्मभर सांडलं तरी फडकं मारलं की झालं. खानदेशात पांढरा ओटा बसवणारा माणूस एकतर जेवत नसावा, नाहीतर त्याने आयुष्यात कधी ओटा पुसला नसावा. चमच्यांना वेगळा खण आहे, सुऱ्यांना वेगळा आहे, पण ज्वारीच्या पिठाचा डबा कुठल्याच खणात मावत नाही. परात उभी राहत नाही आणि आडवी बसत नाही. ड्रॉवर आपोआप हळूहळू मिटतात, आवाज न करता. हे त्याने मला चार वेळा उघडून दाखवलं. मी म्हटलं, बाईला राग आला की आपटाआपट करायची तेवढी एक सोय असते, तीही काढून घेतलीस.

हेमांगी शेजारी उभी होती. ती हसली, पण नवऱ्याकडे बघून ओटा पुसायला लागली.

वास्तुशांत झाली, डिझायनर फोटो काढायला आला आणि जाता जाता म्हणाला, "सर, वाफेने कपाटांची शटर फुगतात. तेलाचं कुकिंग शक्यतो मागे करा." झालं. घरामागे भिंतीला लागून पत्रे ठोकले गेले. दोन बर्नरची जुनी शेगडी आणि सिलिंडर तिकडे गेला. आधी फक्त फोडणी मागे होती. मग पोळ्या गेल्या, कारण पीठ उडतं. मग दूध गेलं, कारण उतू जातं. शेवटी चहासुद्धा मागे. आतल्या काचेच्या शेगडीला गॅसची नळी कधी जोडलीच नाही. तिच्यावरचा प्लास्टिकचा पापुद्रा तसाच आहे. ओव्हनमध्ये प्रेमराजच्या बीपीच्या गोळ्या असतात. बडा घर पोकळ वासा म्हणतात. इथे वासे भक्कम आहेत, चूलच पोकळ.

जळगावचा उन्हाळा ज्याने काढलाय त्याला पत्र्याखाली गॅससमोर उभं राहणं म्हणजे काय, ते सांगायला नको. वैशाखात भर दुपारी कुत्रीसुद्धा गटारीच्या ओलीत पडून असतात. हेमांगी तेव्हा शेडमध्ये भाकरी थापते. तिच्या पाठीवर घामोळ्यांचा थर, मान लालबुंद. मी गेले की आधी तिच्या पाठीला पावडर चोपडायची, मग बाकीच्या गप्पा. ती म्हणणार, "चालस अक्का." एकदा चक्कर येऊन पडली आणि हात तव्यावर भाजला. यावर प्रेमराजने काय करावं? शेडमध्ये पंखा बसवला. पंखा लावला की गॅस विझतो. म्हणजे स्वयंपाक चालू तोवर पंखा बंद, आणि स्वयंपाक झाल्यावर तिथे हवा खात कोण बसणार? पण पंखा बसवल्याचं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतो.

तो पंखा पाहिला त्या दिवशी मी त्याला धरलंच. "प्रेम्या, घडीभर तू त्या शेडमा उभा राही देख."

एसीखाली पाय पसरून तो म्हणाला, "बायासले सवय राहस अक्का."

मी त्याच्या घरचं पाणी न पिता उठले आणि अमळनेरची बस धरली. पुढे कितीतरी दिवस त्याचा फोन उचलला नाही. मला तो नकोसाच झाला होता, आणि आजही मला त्यात काही चूक वाटत नाही.

परत गेले ते ऋतिकासाठी. ऋतिका ही त्याची मुलगी, फार्मसी झालेली. पोरगी हुशार, तोंडाचीही कमी नाही, पण बापासमोर तोंड उघडत नाही. आई एकटी पडते म्हणून ती कामावरून आली की शेडमध्ये पोळ्या लाटायला उभी राहते. तिला धुळ्याचं स्थळ आलं होतं. बंगला, शेती, ट्रॅक्टरची एजन्सी. प्रेमराज हवेत होता. फोनवर म्हणाला, "किचन देखीसनच व्हय म्हनतीन."

पोरगी दाखवायची की किचन, हे मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं.

पाहुणे रविवारी यायचे होते, मी शनिवारी पोचले. हेमांगी शेडमध्ये कांदा-खोबरं भाजत होती. मला बसायला पाट दिला आणि मागे न वळता स्वतःविषयी म्हणाली, "मनं व्हयनं ते व्हयनं, अक्का. तिले चांगलं घर भेटाले जोयजे." थोड्या वेळाने परत म्हणाली, "तुम्ही त्यासले इचारा, तठे सयपाक कोठे करतस." एवढंच. पगार विचारा, मुलाला व्यसन आहे का विचारा, काही नाही. तिच्या सगळ्या काळजीत तेवढा एकच प्रश्न होता. मी हो म्हटलं.

रविवारी पाहुणे आले. मुलाचे वडील जीवराम, आई सुंदरबाई आणि मुलगा. मुलाने सोफ्यावर बसल्या बसल्या मोबाईल काढला. जीवरामभाऊंनी एसी कितीचा म्हणून विचारलं. सुंदरबाई मात्र जाणती बाई दिसली. जरीकाठाची साडी, गळ्यात भरपूर सोनं, आणि नजर सगळीकडे. प्रेमराजने रिमोटने सगळे दिवे एकेक करून लावून दाखवले. जीवरामभाऊ निळे झाले, मग गुलाबी झाले. मग सगळी वरात किचनमध्ये.

प्रेमराज ड्रॉवर ओढत होता आणि सांगत होता, हे सुरतचं, हे इटलीचं. सुंदरबाईंनी एक खण उघडला, रिकामा. दुसरा उघडला, रिकामा. काचेच्या शेगडीवरून बोट फिरवलं तर पापुद्रा नखात आला.

"भाऊ, आठे चहा नही व्हस?" तिने विचारलं.

प्रेमराजचं तोंड उतरलं. इतकं उतरलं की मला बरं वाटलं. "तसं नाही... मागे एक छोटी व्यवस्था आहे," तो शुद्ध मराठीत बोलायला लागला. घाबरला की तो शुद्ध बोलतो. सुंदरबाई त्याचं ऐकायला थांबली नाही, सरळ मागच्या दाराने शेडमध्ये गेली. तिच्यामागे मी, माझ्यामागे तो.

शेडमध्ये हेमांगी भाजी ढवळत होती. ऋतिकाने नव्या साडीचा पदर कमरेला खोचला होता. कपाळाचा घाम भुवईवरून डोळ्यात उतरत होता आणि ती तो दंडाने पुसून पोळी उलटत होती. सुंदरबाई बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, हिला वाईट वाटलं. बाई आहे, हिला कळलं. आता ही प्रेमराजची चांगली हजेरी घेणार.

सुंदरबाई हसली. तिने ऋतिकाच्या हनुवटीला हात लावला.

"आमनं बी आसंच शे," ती म्हणाली. "घरमा देखाडाले, मांगे करा-खावाले. मोठी सून टिकनी नही. गरम व्हस म्हने, माहेरले निंघी गयी. हाई पोरले सवय शे. बेस झायं." आणि दाराकडे वळून, "भाऊ, पोर पसंद शे."

मला विचारायचा होता तो प्रश्न न विचारताच सुटला. पोरगी पसंत झाली ती तिच्या शिक्षणावर नाही, रूपावर नाही, स्वभावावर नाही. ती पत्र्याखाली टिकेल म्हणून पसंत झाली. आणि माझ्या भावाचं उतरलेलं तोंड परत फुललं. तो म्हणाला, "पहिलेपासूनच सवय शे तिले." पोरगी परीक्षेत पहिली आली असं सांगावं तशा अभिमानाने म्हणाला. माझ्या हाताशी लाटणं होतं. ते मी उचललं नाही एवढंच.

हेमांगीने गॅस बंद केला. रेग्युलेटर काढला. कुणाकडे बघितलं नाही. "ऋतिका, धर," म्हणाली. दोघींनी सिलिंडर तिरका केला आणि उंबरठ्यावरून आत घेतला. पांढऱ्या फरशीवरून तो घरंगळत, खरडत निघाला.

"अगं, फरशी," प्रेमराज म्हणाला.

ती परत आली, शेगडी उचलून घेऊन गेली आणि पांढऱ्या ओट्यावर ठेवली. ऋतिकाने दुसरी कढई आणली. गॅस पेटला. तेल तापलं, लसूण पडला, मग काळा मसाला. चिमणी कशी चालू करतात ते त्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, ती आणणाऱ्यालाही नाही. धूर हॉलपर्यंत गेला. जीवरामभाऊ खोकायला लागले, मुलाने मोबाईलवरून पहिल्यांदा डोकं वर केलं, सुंदरबाईंनी पदर नाकाला लावला. मसाल्याचं लाल तेल उडून त्या चकचकीत दारांवर बसत होतं.

कढईत पाणी ओतून हेमांगी वळली. तिचा आवाज अजिबात चढलेला नव्हता.

"जेवन करीसनच जा," ती म्हणाली. "पन मनी पोर मी शेडमा देत नही."

"तुम्ही रागवन्यात का काय?" सुंदरबाई म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं. तिच्या घरातही सगळं असंच आहे ना, मग यात रागवण्यासारखं काय? मग तिने पर्स उचलली. पाहुणे न जेवता गेले. आमच्याकडे याहून मोठा अपमान नाही, आणि तो कुणी कुणाचा केला ते मला अजून ठरवता आलेलं नाही. प्रेमराज त्यांच्या गाडीमागे फाटकापर्यंत पळत गेला, काचेशी वाकून काहीतरी बोलला. गाडी थांबली नाही.

तो आत आला. मला वाटलं, आता आरडाओरडा करेल. किंवा आज निदान एकदा पोरीला विचारेल, बाई, तुला काय हवंय. ऋतिका दाराशी उभी होती, तिच्या गालाला पीठ लागलेलं, आणि ती बापाकडेच बघत होती. त्याने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. खिशातला रुमाल काढला, ओटा घासायला लागला. घासून घासून मसाला आणखी पसरला. मग मला विचारतो, "अक्का, हाऊ डाग निंघी का?"

सोयरीक मोडली, बायको परक्यांसमोर आयुष्यात पहिल्यांदा बोलली, आणि या माणसाला डागाची पडली होती. माझ्या शिव्यासुद्धा त्याच्यावर वाया गेल्या असत्या.

हेमांगीने परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, कोपराने त्याला बाजूला सारलं आणि म्हणाली, "राहू द्या. आते रोज पडतीन."